वाचकांचे प्रश्न: डोलकाठी उभी करताना जोर नक्की कुठे जातो?

प्रश्न: आमची 22 फुटी शिडाची बोट आहे, ट्रेलरवर टाकून नेतो त्यामुळे डोलकाठी दर वेळी पाडायची आणि परत उभारायची. पायाशी बिजागरी आहे, काठी मागच्या बाजूला झोपते. एक जण डेकवर उभा राहून काठी खांद्यावर घेतो, दुसरा नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, फोरस्टे (काठीच्या वरच्या भागापासून नाळेपर्यंत येणारी वायर) ओढतो. पण सुरुवातीला कितीही ओढलं तरी ती हलत नाही, आणि अर्ध्यावर आली की बाजूला झुकायला लागते. अजून एक माणूस बोलवावा का? एकट्याने हे कधी जमेल का?

उत्तर: तिसरा माणूस बोलावून हे सुटणार नाही, कारण अडचण ताकदीची नाहीये, कोनाची आहे. काठी आडवी असते तेव्हा फोरस्टेची वायर जवळपास काठीच्या लांबीनेच पडलेली असते, त्यामुळे नाळेवरून तुम्ही जे ओढताय ते सगळं काठीला बिजागरीवर रेटण्यात जातं, वर उचलण्यात जवळजवळ काहीच नाही. आणि नेमकं त्याच वेळी काठीचं वजन सगळ्यात जास्त जाणवतं. लांब शिडी उभी करताना पहिला उचलाच जड जातो ना, तसंच.

यावर उपाय म्हणजे जिन पोल. एक मजबूत पाइप घ्यायचा, खालचं टोक डोलकाठीच्या पायाशी पुढच्या बाजूला बसवायचं, म्हणजे काठी आडवी असताना हा पाइप सरळ उभा. त्याच्या वरच्या टोकाला फोरस्टे किंवा जिबचा हॅलयार्ड (पुढचं शीड वर चढवायची दोरी) बांधायचा, आणि त्याच टोकापासून नाळेपर्यंत कप्प्यांची दोरी लावायची, मेनशीटचाच, म्हणजे मोठं शीड आवरायच्या दोरीचा, कप्प्यांसकट सेट काढून लावला तरी चालतो.

हिशोब करून बघा. समजा काठी 8 मीटर, वजन 25 किलो, वजनाचा मध्य पायापासून 4 मीटरवर, पोल 2 मीटरचा आणि नाळ पायापासून 3 मीटर पुढे. मग पहिल्या उचलीला दोरीवर साधारण 60 किलोचा ताण येतो, आणि 4:1 च्या, म्हणजे जोर चौथाई करणाऱ्या, कप्प्या असतील तर हाताला 15 किलो, घर्षणामुळे त्याहून थोडं जास्त. हाच पोल 1 मीटरचा केलात तर ताण 105 किलोच्या घरात जातो, म्हणून पोलच्या लांबीत कंजुषी करू नका. बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, काढून तोच पोल म्हणून वापरतात बरेच जण, चांगली सोय आहे.

आता बाजूला झुकण्याचं. बऱ्याच ट्रेलर बोटींवर बाजूच्या वायरी, म्हणजे श्राउड, डेकवर काठीच्या जरा मागे बांधलेल्या असतात, काठी मागे झोपली की त्या ढिल्या पडतात आणि मधल्या सगळ्या प्रवासात काठीला बाजूने धरणारं काहीच उरत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक जादा दोरी काठीच्या मधल्या उंचीवरून खाली आणायची आणि ती बिजागरीच्या पिनच्या बरोबर रेषेत, तेवढ्याच उंचीवर बांधायची. रेषेत असेल तर काठी आडवीपासून उभी होईपर्यंत दोरीची लांबी बदलत नाही, ती कायम ताठ राहते. जागा जरा जरी मागे किंवा खाली असली की ती मधेच सैल नाहीतर जास्त ताठ होणार. जिन पोललाही बाजूच्या दोऱ्या लागतात, त्याही याच रेषेतल्या, नाहीतर ताण आला की पोलच आडवा पडतो.

एवढं केलंत की एकट्याने जमतं, हो. तरी दुसरा माणूस असेल तर त्याला ओढायला लावू नका, नुसतं बघायला उभा करा. श्राउडचा टर्नबकल (वायर ताठ करायचा स्क्रू) खाली वाकडा अडकून उभा राहतो आणि ताण आला की त्याचा बोल्ट वाकतो, एखादी वायर खिडकीच्या कडेला नाहीतर क्लीटला (दोरी बांधायच्या खुंटीला) अडकते, हे ओढणाऱ्याला दिसत नाही. काठी मधेच थांबली तर जोर अजिबात वाढवायचा नाही, दोरी बांधून ठेवायची आणि काय अडकलंय ते शोधायचं.

प्रश्न: खाली आणताना काय वेगळं करायचं? ते सोपं असतं असं ऐकलंय.

उत्तर: मला तर उतरवणंच जास्त धोक्याचं वाटतं. काठी सरळ उभी असते तेव्हा ती आपणहून पडत नाही, हलका धक्का देऊन मागे झुकवावी लागते, त्यामुळे पहिली काही क्षण सगळं एकदम हलकं वाटतं आणि माणूस दोरी नुसती हातात धरून उभा राहतो. मग जसजशी ती खाली येते तसा दोरीवरचा ताण वाढत जातो, सगळ्यात जास्त अगदी शेवटी. म्हणून दोरीला विंचवर (दोरी ओढायच्या फिरत्या ड्रमवर) किंवा क्लीटवर वेढे पहिल्यापासूनच हवेत, हातात ग्लोव्ह्ज हवेत.

आधी शीड आणि बूम काढा, मग पोल आणि पुढची दोरी लावून ताठ करा, आणि त्यानंतरच फोरस्टेची पिन काढा. पुढच्या बाजूला बांधलेले खालचे श्राउड असतील तर तेही सोडा. मागे काठी टेकवायला घोडी आधीच उभी करून ठेवा. काठीखाली कोणी नको, कॉकपिटमध्ये बसलेलं मूलसुद्धा नको.

प्रश्न: हे पाण्यात करावं की ट्रेलरवर?

उत्तर: ट्रेलरवर. पाण्यात शेजारून एखादी मोटरबोट गेली की लाटेने काठी अशी डुलते की बाजूच्या दोऱ्यांवर एकदम झटका येतो. ट्रेलर सपाट जागी हवा आणि गाडीला जोडलेलाच हवा, नाहीतर तुम्ही बोटीच्या मागच्या टोकाला चढलात की नाळ वर उचलली जाऊ शकते. वारा जास्त असेल तर थांबा. आणि सगळ्यात आधी वर बघा, विजेच्या तारा आहेत का. काठी ॲल्युमिनियमची, वायरी स्टीलच्या, आणि हाय व्होल्टेजला स्पर्शाचीही गरज नसते, जवळ गेलं तरी वीज उडी मारते. काठी उभी करायची ती जागाच नाही तर तिथून पाण्यापर्यंतचा सगळा रस्ता आधी चालत जाऊन बघा.