मुलाच्या फुटबॉलसाठी युरोपात जायचं म्हणताय, तर

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगा तेरा वर्षांचा आहे, पिंपरीत खेळतो, स्टॉपर आहे, म्हणजे बचावात मधोमध खेळतो, उंची चांगली आहे आणि कोच म्हणतात याला युरोपात न्या. मिस्टर पुण्यातच राहतील, तुम्ही नोकरी सोडून त्याच्याबरोबर स्पेनला नाहीतर जर्मनीला जाल, तर कसं करायचं? व्हिसा, विमा, बँकेत किती पैसे दाखवायचे हे सगळं दूतावासाच्या पानावर आहे, ते मी लिहीत बसत नाही. आमचा मुलगाही डिफेंडर आहे. आम्हीही खडकीहून उठून इकडे जर्मनीत ड्यूसबुर्गजवळ आलो. तुमचा प्रश्न वाचला आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाहीये, म्हणून लिहितेय.

अकॅडमीवाले जे सांगत नाहीत ते आधी सांगते. फिफा, म्हणजे फुटबॉलची जागतिक संघटना, तिच्या नियमावलीत १९ वं कलम आहे. १८ वर्षांखालच्या खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात जाता येत नाही. अपवाद मोजके आहेत आणि आपल्यासारख्यांच्या कामाचा एकच: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात राहायला गेलेले असले पाहिजेत. म्हणजे तुम्ही ज्या कारणासाठी घर सोडताय, नेमकं तेच कारण तिथे चालत नाही. भाषेच्या कोर्सला जातेय असं दाखवा, असं तुम्हाला कुणीतरी सुचवलंच असेल. वडील पुण्यात, आई नोकरीशिवाय परदेशात आणि मुलगा मात्र आल्या आल्या क्लबात, हे कागदावर बघून कुणालाही शंका येणार. याच नियमावरून २०१४ मध्ये बार्सिलोनावर नवे खेळाडू घ्यायची बंदी आली, २०१६ मध्ये माद्रिदच्या दोन्ही मोठ्या क्लबांवर. ताकेफुसा कुबो हा जपानी मुलगा २०११ पासून बार्सिलोनाच्या अकॅडमीत होता, त्यालाही २०१५ मध्ये मायदेशी परतावं लागलं. तो जपानमध्ये खेळत राहिला आणि २०१९ मध्ये, १८ पूर्ण झाल्यावर, रेआल माद्रिदने त्याला घेतलं.

लाखो रुपये फी घेऊन 'युरोपात ट्रेनिंग' देणाऱ्या खासगी अकॅडम्यांनाही हाच प्रश्न विचारा: माझ्या मुलाची नोंदणी कुठल्या क्लबात होणार आणि तो लीगचे सामने खेळणार का? उत्तर लेखी मागा. नोंदणी नसेल तर अधिकृत सामना नाही, आणि सामने न खेळता डिफेंडर घडत नाही. इंग्लंडचा तर विषयच काढू नका. २००९ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सला खुद्द सुनील छेत्री हवा होता, भारत फिफाच्या क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये नाही म्हणून कामाचा परवाना मिळाला नाही.

आमचं बरं झालं ते एवढ्यासाठी की आम्ही मिस्टरांच्या नोकरीसाठी आलो. चाकणच्या प्लांटमधून इकडे बदली झाली तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. तरीही कागदांनी जीव खाल्ला. पुण्यातल्या एका एजंटाने जन्मदाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का, करून दिलं, पैसे घेतले आणि 'आता जगात कुठेही चालेल' म्हणाला. जर्मनी भारताचं अपोस्टिल मानतच नाही. इथले लोक तुमचे कागद वकिलातीमार्फत भारतात तपासून घेतात आणि त्याला महिनेच्या महिने जातात. दरम्यान मुलगा दहाचा झाला. दहा पूर्ण झाले की खेळाडूच्या पासासाठी, म्हणजे सामने खेळायच्या ओळखपत्रासाठी, आणखी कागद: वडिलांचं नोकरीचं पत्र, राहत्या पत्त्याची नोंद, इथे का आलात त्याचा खुलासा. तोवर तो सरावाला जायचा आणि शनिवारी सामना असला की बाहेर उभा राहून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायचा. शेवटी पास आला, त्यावर पासपोर्टप्रमाणे त्याचं नाव आणि लगेच वडिलांचं नाव. पोरं अख्खा हंगाम त्याला वडिलांच्या नावाने हाक मारत होती. त्याने कुणाला दुरुस्त केलं नाही.

शाळेचं मला अजून विसरता येत नाही. इथे चौथीनंतर मुलांची वाटणी होते. कोण विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियमला जाणार, कोण रेआलशूलेला, कोण त्याच्याही खालच्या शाळेत, याची शिफारस वर्गशिक्षक करतात. दहाव्या वर्षी! आमचा मुलगा गणितात वर्गाच्या पुढे होता, पुण्यात पाढे पाठ करून आलेला. पण जर्मन येत नव्हतं, म्हणून बाईंनी सगळ्यात खालच्या शाळेची शिफारस केली. मी त्याची गणिताची वही उघडून समोर ठेवली. त्यांनी ती बंद केली, माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, तो फुटबॉल छान खेळतो, त्याला तिथेच आनंद मिळेल. हे वाक्य मी आजही भांडी घासताना मनात ऐकते. आमच्या राज्यात, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियात, ती शिफारस बंधनकारक नसते, म्हणून आम्ही त्याला सगळ्या पातळ्या एकत्र असलेल्या गेझाम्टशूलेत घातलं. बव्हेरियात असतो तर गुणांच्या सरासरीपुढे फारसं काही चाललं नसतं. तुमचा मुलगा तेराव्या वर्षी येईल, म्हणजे थेट सातवी-आठवीत, नव्या भाषेत. क्लबाबद्दल दहा प्रश्न विचारताय, शाळेबद्दल एकही नाही, म्हणून हे इतकं लांबवलं.

भाषा शाळेपुरतीच नाही लागत. कडेने पुढे धावणाऱ्या विंगरचं गप्प राहून भागतं, स्टॉपरचं नाही. मागून सगळं मैदान त्यालाच दिसतं, त्याने ओरडून सांगायचं असतं: वर चला, मागे माणूस आहे, सोड, माझा. एका सामन्यात मी दोरीपाशी उभी होते. आमच्या लेफ्ट बॅकच्या पाठीमागून त्यांचा फॉरवर्ड आत सरकत होता, मुलाने ते पाहिलं, हात वर केला, तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही. गोल झाला. कोचने पुढच्या सामन्यापासून त्याला उजव्या बाजूला टाकलं. मुलगा घरी येऊन बाथरूममध्ये एकटाच जर्मनमध्ये ओरडायचा, नळ सोडून. वर्षाने परत मधे आला.

पुढे तो एका व्यावसायिक क्लबाच्या अकॅडमीत पोचला आणि पंधराव्या वर्षी त्यांनी 'पुढच्या गटात जागा नाही' असं एका छोट्या बैठकीत सांगितलं. आज तो सतराचा आहे, लहान क्लबाकडून खेळतो, शिकतो, अजून व्यावसायिक व्हायचं म्हणतो. मी त्याला नाही म्हणत नाही. डिफेंडर उशिरा पिकतात. कोरियाचा किम मिन-जे २४ व्या वर्षापर्यंत आशियातच खेळला, २०२१ मध्ये तुर्कस्तानला गेला, २०२३ मध्ये नापोलीबरोबर इटलीची लीग जिंकला आणि त्याच वर्षी बायर्नमध्ये आला. आणि पूर्ण तयार झालेला माणूस आला तरी हमी नसते. आपला संदेश झिंगन २०२१ मध्ये क्रोएशियात शिबेनिकला गेला, दुखापत झाली आणि लीगमध्ये एकही सामना न खेळता काही महिन्यांत परतला.

तुमची घाई मला कळते. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या मुख्य लीगमध्ये, दुसरा आला होता, आम्ही बालेवाडीला जायचो. तो क्लब गेला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला. लिव्हरपूलच्या नावाची अकॅडमी आली आणि गेली. २०२५ मध्ये तर आयएसएल, म्हणजे देशातली सगळ्यात वरची लीगच, वेळेवर सुरू झाली नाही. आई म्हणून मुलाला घेऊन इथून निघावंसं वाटणारच.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. पहिला हिवाळा वाईट जातो, मग सवय होते. त्यावर जास्त विचार करू नका.

पासपोर्टचा मात्र करा. कारण आमच्या घरात सध्या तोच विषय आहे आणि सुटत नाहीये. भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच लागतो, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड चालत नाही. पुणे एफसीचा अराता इझुमी आठवतोय? त्याने त्यासाठी जपानचं नागरिकत्व सोडलं. जर्मनीला २०२४ पासून दोन नागरिकत्वं चालतात, भारताला चालत नाहीत. आम्हा दोघांचे अर्ज भरून ठेवलेत. मुलाचा कोरा आहे. इथला पासपोर्ट मिळाला तर युरोपात त्याचं सगळं सोपं होईल, नाही घेतला तर भारताच्या निळ्या जर्सीची शक्यता, लहानशी का होईना, राहते. त्याचे आजोबा खडकीहून फोनवर एवढंच विचारतात की फॉर्म भरला का. तो म्हणतो, अठरा झाल्यावर बघू. मी त्याला काय सांगावं हे मला खरंच कळत नाही.

तेव्हा या वर्षी काय करायचं ते सांगते. मुलाला पुण्याच्या लीगमध्ये त्याच्याहून मोठ्या मुलांत खेळू द्या, डावा पाय तयार करून घ्या, मैदानावर बोलायची सवय लावा. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सची निवासी शिष्यवृत्ती आहे, तिच्या निवड चाचण्यांवर लक्ष ठेवा. जन्मदाखला आणि पासपोर्ट अक्षरन् अक्षर जुळतात का ते आजच बघा. आणि मिस्टरांना, मुलगा समोर नसताना, विचारा की त्यांना स्वतःला बाहेरची नोकरी हवी आहे का. ते हो म्हणाले तर मला परत लिहा. कोणते कागद कोणत्या क्रमाने करायचे, ती यादी मी तुम्हाला करून देते.