क्रेटा डिझेल की हायरायडर हायब्रिड? आधी रनिंग सांगा

मायलेजचे आकडे बाजूला ठेवा. कंपनीच्या दाव्यानुसार टोयोटाची हायरायडर हायब्रिड (पेट्रोल इंजिनला बॅटरीवरच्या मोटरची जोड) लिटरला 27.97 किलोमीटर, ह्युंदाईची क्रेटा डिझेल मॅन्युअल 21.8, रस्त्यावर दोन्ही कमीच देतात. खरा प्रश्न, गाडी रोज कुठे फिरणार?

घर ते ऑफिस पाच-सहा किलोमीटर आणि तेही सिग्नल-सिग्नलवर थांबत, तर डिझेलच्या वाट्याला जाऊ नका. बीएस-6 डिझेलच्या सायलेन्सर लाइनमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ती काजळी जळायला तो चांगला तापावा लागतो, आणि छोट्या फेऱ्यांत तो तापतच नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. लगेच हायवेवर पंधरा-वीस मिनिटं एका वेगात चालवली तर बहुतेकदा निभावतं. दुर्लक्ष केलंत तर फिल्टर बदलण्याचं बिल वॉरंटीबाहेर चांगलंच झोंबतं. हायब्रिडला मात्र हीच ट्रॅफिक मानवते. क्लच नाही, ब्रेक पॅडही सावकाश झिजतात.

बॅटरीची धास्ती मला जरा अतीच वाटते. तिला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी आहे. डिकी मात्र तिनेच खाल्लीय, गणपतीला चौघांचं सामान घेऊन कोकणात निघालात की कळेल.

महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या गाडीवर रोड टॅक्स पेट्रोलला 12 टक्के, डिझेलला 14. म्हणजे 18 लाखांवर 36,000चा फरक. हायब्रिडही पेट्रोलच.

दर आठवड्याला पुणे-नाशिक असेल, तर मी डोळे झाकून क्रेटा डिझेल घेईन. तुमचं महिन्याचं रनिंग किती?