आधी जपानी, मग जी-पेन

तुझा मेसेज दोनदा वाचला. बारावी झाली, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्हींत ए ग्रेड. बाबा म्हणतात चित्रकला शिकायला सावर्ड्याला नाहीतर जे.जे.ला जा, आणि तुला क्योटोला जाऊन मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, शिकायचंय. पोर्टफोलिओ कसा हवा, खर्च किती, तिथे नक्की काय करायला लावतात आणि पुढे पोटाचं काय, असे तुझे चार प्रश्न. शेवटचा बहुतेक बाबांचा असावा.

मी वेंगुर्ल्याहून निघालो तेव्हा आजोबांना 'मांगा' हा शब्द 'मांगर' (शेतातलं खोपट) असा ऐकू आला होता. "मांगर शाकारूक जपानात कित्याक जावक व्हया?" म्हणाले. तुझ्या घरी निदान शब्द तरी नीट पोचलाय.

आता न आवडणारं आधी सांगतो. पुढची दोन वर्षं तुझं मुख्य काम चित्र नाही, जपानी भाषा आहे. मी शिकलो त्या क्योटो सेइका युनिव्हर्सिटीत 2006 साली जपानमधली पहिली मांगा फॅकल्टी सुरू झाली. पदवीचं शिकवणं जपानीतून. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत (एन-5 सगळ्यात सोपी, एन-1 सगळ्यात अवघड) एन-2 च्या आसपास पोचल्याशिवाय वर्गात बसून उपयोग नाही, कारण तिथे वर्ग म्हणजे बोलणं. पहिल्या महिन्यात मी मन लावून इंक केलेलं पान नेलं, तर सेन्सेईंनी, म्हणजे सरांनी, ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, "नेमु कुठाय?" नेमु म्हणजे पानाचा कच्चा आराखडा: चौकटी कुठे, कोण काय बोलतं, वाचणारा कुठे थांबतो. माणसं काड्यांची असली तरी चालतात. पण त्यावर दहाजण तासभर बोलतात, आणि तुलाही बोलावं लागतं. मी सुरुवातीला नुसता 'हाय, हाय' (म्हणजे हो, हो) करत मान हलवायचो आणि घरी येऊन कळायचं की आपण सगळी गोष्ट बदलायला होकार देऊन आलो.

म्हणून पुण्यात जपानीचा क्लास लाव. पुण्यात जपानी शिकणारे पूर्वीपासून खूप, त्यामुळे शिक्षक मिळतात. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते आणि पुण्यातही सेंटर आहे. एन-3 इथेच कर. मग तिकडे वर्ष-दीड वर्ष लँग्वेज स्कूल. एन-5 वर विमानात बसवणारे एजंट भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार.

करायला काय लावतात? सुरुवातीला एका पानाची गोष्ट, मग चार चौकटींच्या, मग 8 पानं, 16 पानं, शेवटी पदवीचं मोठं काम, जे फेब्रुवारीच्या प्रदर्शनात लागतं. हे आकडे उगाच नाहीत. छापताना मोठ्या कागदाच्या घड्या पडतात, म्हणून मासिकातल्या कथा 16, 24, 32 अशा पानांच्या असतात. सतराव्या पानावर गोष्ट संपत असेल तर एक पान कापायचं, रडत बसायचं नाही. कागद बी-4, आतली चौकट 180 बाय 270 मिलिमीटर, निळ्या रेघांची, कारण तो निळा छपाईत येत नाही. जी-पेन, मारु-पेन (दोन्ही शाईत बुडवून काढायच्या निबा), शाई. नंतर सगळेच कॉम्प्युटरवर, क्लिप स्टुडिओवर जातात, पण सुरुवात निबाने केलेली बरी. (निब इथून नेऊ नकोस. आपल्या पावसात एका आठवड्यात गंजतात.)

मला सगळ्यात जास्त छळलं ते संवादाच्या फुग्यांनी. जपानी उभं लिहितात, म्हणून त्यांचे फुगे उंच आणि अरुंद. मी विचार मराठीत करायचो, मराठीला शिरोरेषा, ती आडवीच पसरणार. मराठीत बेतलेलं पान जपानीत केलं की सगळे फुगे रिकामे लोंबायचे आणि माणसांची तोंडं उगाच कोपऱ्यात दाबली जायची. उलट आवाजांच्या बाबतीत आपण श्रीमंत. त्यांचा 'झाऽझाऽ' म्हणजे आपला धो धो, 'शितो शितो' म्हणजे भुरभुर, 'पोत्सु पोत्सु' म्हणजे पहिले टपटप थेंब. शांततेलासुद्धा त्यांच्याकडे आवाज आहे, 'शीऽन'. तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं छपाईची चूक आहे.

माझं 16 पानांचं काम रापणीवर होतं. होडीने अर्धगोल जाळं टाकलंय, किनाऱ्यावर दोन टोकांना दोन रांगा, सगळा वाडा दोर ओढतोय. मी रांग डावीकडे ओढताना काढली, कारण पान तसं छान भरत होतं. सेन्सेईंनी विचारलं, "जाळं रिकामं आहे का?" कळलंच नाही. मग त्यांनी बोट फिरवून दाखवलं: जपानी पान उजवीकडून डावीकडे वाचतात, तुझी माणसं वाचणाऱ्याच्या नजरेबरोबरच चाललीत, त्यांना काही जड वाटतच नाहीये. रांग उलटी केली, माणसं उजवीकडे ओढायला लागली, आणि त्याच चित्रात वजन आलं. एक रेघ जास्त न काढता. आणि ओढून काय निघालं ते त्या जोडपानावर दाखवायचं नाही. डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात फक्त म्हाताऱ्याचा चेहरा, आणि पान उलटल्यावर जाळं. पान उलटायला लावणं, हीच तिथली खरी विद्या. पुढे तीच गोष्ट मराठीसाठी डावीकडून उजवीकडे करायला मी पानं आरशासारखी फिरवली. ओढण्याचं वजन टिकलं, पण सगळे रापणकर डावखुरे झाले आणि होडीवरचं नाव उलटं. हाताने पुन्हा लिहिलं.

रापण निवडली ती काही गावाच्या प्रेमाने नव्हे. त्याआधी मी समुराई काढले होते, आणि वर्गातल्या एकीने विचारलं की यांनी तलवार चुकीच्या बाजूला का लावलीय. रापणीबद्दल मला असं कोणी विचारू शकलं नसतं.

एक काम मात्र जायच्या आधीच कर. कुडाळजवळ पिंगुळीला जा आणि चित्रकथी बघ. ठाकर समाजाची कला. सुट्या चित्रांची पोथी, एकेक पान समोर धरायचं आणि रामायण-महाभारतातली आख्यानं गाऊन सांगायची. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. मी शाळेच्या सहलीत ते पाहिलं होतं आणि माझं सगळं लक्ष डब्याकडे होतं. क्योटोच्या मांगा म्युझियममध्ये (जुन्या प्राथमिक शाळेची इमारत, तीन लाखांच्या घरात संग्रह, लोक हिरवळीवर लोळत वाचतात) कामिशिबाई पाहिली. एक माणूस लाकडी चौकटीतून एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगतो. पूर्वी हे लोक सायकलवरून फिरायचे आणि गोळ्या विकायचे. बघता बघता मला पिंगुळी आठवली, आणि मी तिथे काय बघितलं होतं ते कोणी विचारलं तर सांगता येईना. तुझ्यावर ती वेळ नको. पान किती वेळ धरतात आणि कुठे पटकन बदलतात, तेवढं वहीत लिहून आण.

पैशाचं. फी वर्षाला दहा लाख येनच्या बरीच वर जाते, खोली-जेवण वेगळं, आणि लँग्वेज स्कूलचं वर्षही धरायचं. स्टुडंट व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला 28 तास काम करता येतं. त्यात खाणं आणि थोडं भाडं निघतं, फी निघत नाही. तास ओलांडलेस तर व्हिसा वाढताना अडकशील. बाबांना आत्ताच सांगायची गोष्ट म्हणजे खर्च कोण करणार याचा पुरावा मागतात. आंब्याचं उत्पन्न शेतीचं, म्हणजे इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये दिसायला फारसं काही नाही. आमचा अर्ज त्यावरच रखडला होता. वाशीच्या बाजारातल्या आंबाविक्रीच्या पट्ट्यांचे पैसे दोन हंगाम बँकेतून फिरू देत, रोख नको. सातबारा, पासबुक, सगळ्याचं भाषांतर लागतं.

जेवणाची काळजी करू नकोस, मासे खाणारी आहेस. क्योटो समुद्रापासून लांब. पूर्वी वाकासाच्या किनाऱ्यावरून खारवलेला साबा डोंगर ओलांडून पाठीवर यायचा, त्या वाटेला साबा-काइदोच म्हणतात. साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ. तिरफळं मात्र घेऊन जा.

आणि पोट. माझ्या वर्गातले मोजकेच मांगाका, म्हणजे मांगा काढणारे, झाले. सप्टेंबरमध्ये क्योटोत क्योमाफु हा मांगाचा मेळा असतो, त्यात प्रकाशकांचे संपादक टेबलं मांडून बसतात, पानं घेऊन गेलं की तोंडावर सांगतात. मला एकाने सांगितलं, "चित्रं ठीक, पण नाव घेऊन हाक मारावी असं एकही पात्र नाही." जेवलो नाही त्या दिवशी. आता मी वेबटूनच्या (मोबाइलवर वाचायच्या कॉमिक्सच्या) स्टुडिओत बॅकग्राउंड काढतो. इमारती, जिने, पावसातले रस्ते. नोकरी, म्हणून कामाचा व्हिसा मिळाला. स्वतंत्र चित्रकार म्हणून तिथे राहणं त्याहून खूप अवघड. माझी स्वतःची गोष्ट रविवारी. बाबांना हे जसंच्या तसं वाचून दाखव, गोड करून नको.

पोर्टफोलिओत मोठ्या डोळ्यांच्या मुली वीस नकोत. एक पूर्ण गोष्ट हवी. यंदा चतुर्थीला मी दहा दिवस घरी आहे. तोवर 8 पानं कर. बॉलपेनने केलीस तरी चालेल, मराठीत, काड्यांची माणसं चालतील, पण आठव्या पानावर संपली पाहिजे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ये, ओटीवर बसून बघू. आणि पाचव्या पानावर अडकलीस तर मेसेज नको करू, सहावं काढ.