‘बाबा, तुम्ही बसा’ हे आधी बंद कर

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझीच बाजू पटली, खोटं कशाला बोलू. सासरे ७६ वर्षांचे, ३० वर्षं एसटीत ड्रायव्हर, सासूबाई गेल्यावर गावचं घर बंद करून चिंचवडला तुमच्याकडे आले, तुम्ही वेगळी खोली दिली, टीव्ही लावून दिला, गुडघ्याला चांगला डॉक्टर शोधला आणि परवा शेजारच्या काकांना ते म्हणाले, ‘मी काय, आता माळ्यावरचं सामान.’ ऑफिस करून एवढं सगळं करायचं आणि वर हे ऐकायचं म्हटल्यावर लागणारच ना.

पण दुसऱ्यांदा वाचताना मी मोजलं. भाजी आणायला निघाले तर ‘बाबा तुम्ही बसा, ॲपवरून मागवते’. नातवाला स्कूलबसपर्यंत सोडतो म्हणाले तर ‘बसा, गुडघा दुखेल’. स्वतःची कपबशी विसळायला घेतली तर ‘बसा, मावशी येतील’. अगं, ज्या माणसाने मुक्कामी गाड्या नेल्या, खेड्यात रात्र काढून पहाटे अंधारात गाडी बाहेर काढली, कुणाला कॉलेजला, कुणाला बाजाराला, कुणाला कोर्टातल्या तारखेला पोचवलं, त्याला तू चोवीस तासांचा प्रवासी करून टाकलंस!

भाजी त्यांच्याकडे दे, कायमची. पैसे आणि पिशवी दे, यादी देऊ नकोस, मंडईत काय ताजं आहे ते त्यांनाच ठरवू दे आणि गवार जून निघाली तर तोंड वाकडं न करता मोडून ठेव. हे जड जाईल तुला, माहितीये. माझे वडील रिटायर झाल्यावर रोज कोथिंबिरीची जुडी आणायचे, फ्रीजमध्ये कोथिंबीरच कोथिंबीर, आम्ही हसायचो. मग एक दिवस आणायचे बंद झाले आणि घरात कुणी ‘का हो’ म्हणून विचारलं पण नाही. मला ते अजून टोचतं.

आणि हो, या अख्ख्या पत्रात तुझा नवरा कुठाय गं? वडील त्याचे ना? पुढच्या वेळी घाट लागला की त्याला म्हणावं, बाबांना पुढे बसव आणि उतारावर गिअर कुठला ठेवायचा ते विचार. ज्या गिअरवर चढायचं त्याच गिअरवर उतरायचं, हे त्यालाही ठाऊक असेल, तरी विचारू दे. उत्तर अर्धा तास चालेल, मध्ये मोबाईल बघायचा नाही.

तू ऑफिसला पोचलीस की त्यांना एक फोन, ‘बाबा, पोचले’. बास, एवढंच. गुड मॉर्निंगचे फुलांचे फोटो पाठवू नकोस.

त्यांना पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास फुकट आहे, तुला बाई म्हणून अर्धं तिकीट. एखाद्या रविवारी वल्लभनगर स्टँडवरून त्यांच्या जुन्या रूटची गाडी मिळते का बघा आणि नातवाला घेऊन जा, त्यांचं आधार कार्ड तेवढं विसरू नका. गाडी सुटताना डबल बेल का देतात ते पोराला आजोबाच सांगतील. आणि १ जून कॅलेंडरवर लिहून ठेव, १९४८ साली त्या दिवशी पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. त्या सकाळी चहा देताना नुसतं ‘बाबा, आज एसटीचा वाढदिवस ना?’ म्हण आणि तिथेच बस, किचनमध्ये पळू नकोस.

एक मात्र बघ, जेवण-झोप बिघडली असेल, कशातच लक्ष लागत नसेल तर डॉक्टरांशी बोला. जोडीदार गेल्याचं दुःख मंडईत जाऊन भरून निघत नाही.

आणि तुझी विचारपूस कोण करतं ते पुढच्या पत्रात लिही, या पत्रात ते कुठेच नाहीये. आत्ता आधी त्या भाजीच्या ॲपचं नोटिफिकेशन बंद कर.