पीईमधला ‘ई’ म्हणजे उत्पन्न की नफा?

प्रश्न असा आहे की विमा कंपनीच्या शेअरबद्दल वाचताना कुठे ‘किंमत-उत्पन्न गुणोत्तर’ दिसतं तर कुठे ‘किंमत-मिळकत गुणोत्तर’, हे दोन्ही एकच का, आणि ते २० असेल तर शेअर महाग समजायचा का.

एकच, दोन्ही म्हणजे पीई, इंग्रजीत प्राइस-टू-अर्निंग्ज, शेअरचा भाव भागिले ई. पण मला विचाराल तर दोन्ही शब्द नकोत. मिळकत म्हटलं की निम्म्या लोकांना घर-जमीन आठवते, ते सोडा, खरा घोटाळा उत्पन्नाचा आहे. विमा कंपनीचं उत्पन्न म्हणजे कोणीही प्रीमियमच समजणार, आणि पीईमधला ई म्हणजे क्लेम, कमिशन, खर्च, पुढच्या क्लेमची तरतूद, टॅक्स हे सगळं वजा जाऊन एका शेअरमागे जो निव्वळ नफा उरतो तो, म्हणजे ईपीएस. समजा शेअर ६०० ला आहे, शेअरमागे प्रीमियम ४०० आणि नफा ३०. नफ्याने भागलं की पीई २०, आणि ‘उत्पन्न’ हा शब्द खरा मानून प्रीमियमने भागलं तर दीड! म्हणून सरळ ‘भाव नफ्याच्या २० पट आहे’ असं लिहावं.

आता महाग का? तर नुसत्या २० वरून नाही सांगता येणार, कारण विमा कंपनीचा नफा हा बराचसा अंदाज असतो. जनरल इन्शुरन्समध्ये घटना घडून गेलीय पण क्लेम अजून आलाच नाही अशांसाठीही पैसे बाजूला काढावे लागतात, ते कमी काढले की यंदाचा नफा फुगतो, पीई छान कमी दिसतो आणि भुर्दंड पुढच्या वर्षांवर जातो. शिवाय ज्या वर्षी मोठं वादळ किंवा भूकंप झाला नाही ते वर्ष चांगलंच दिसणार. त्यामुळे पीईच्या शेजारी कंबाइंड रेशो बघायचा, म्हणजे क्लेम आणि खर्च मिळून प्रीमियमच्या किती टक्के, १०० च्या वर गेला तर विम्याच्या मूळ धंद्यात तोटा आहे आणि नफा आलाच तर तो गुंतवणुकीतून आलाय.

गुंतवणूक पण भारी गोंधळ घालते. बर्कशायर हॅथवे ही अमेरिकन कंपनी, जिचा विमा हा मोठा धंदा आहे, तिने २०२२ मध्ये सुमारे २२.८ अब्ज डॉलरचा निव्वळ तोटा दाखवला, आणि त्याच वर्षी ऑपरेटिंग नफा, म्हणजे हातातल्या शेअर्सच्या भावाची चढउतार सोडून धंद्यातून आलेला नफा, सुमारे ३०.८ अब्ज. फरक मुख्यतः हातातल्या शेअर्सचे भाव पडल्याचा, न विकलेल्या शेअर्सची घटसुद्धा तिकडच्या हिशेबाच्या नियमांप्रमाणे नफ्यातोट्यात धरावी लागते. तोट्यावर पीई काढणार कसा, म्हणून अशा ठिकाणी ‘कुठला ई?’ हे आधी विचारायचं.

लाइफ इन्शुरन्समध्ये तर उलटाच प्रकार. पॉलिसी विकली की कमिशन वगैरे खर्च लगेच, प्रीमियम मात्र पुढची कित्येक वर्षं हप्त्याहप्त्याने येणार, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या हिशेबात जी कंपनी जोरात नवीन पॉलिसी विकते तिचाच नफा सुरुवातीला दबतो आणि पीई अवाढव्य दिसतो. याला न्यू बिझनेस स्ट्रेन म्हणतात. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १७ या विम्याच्या हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय नियमामध्ये पॉलिसीतला अपेक्षित नफा आधी बाजूला ठेवून सेवा दिली जाईल तसा थोडाथोडा दाखवतात, म्हणजे एक कंपनी या नियमाने आणि दुसरी जुन्या नियमाने चालत असेल तर दोघींचे पीई शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

म्हणून लाइफवाल्यांकडे भाव एम्बेडेड व्हॅल्यूच्या किती पट हे बघतात, म्हणजे कंपनीची स्वतःची नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा जाऊन उरतं ते) अधिक आत्ता चालू असलेल्या पॉलिसींमधून पुढे येणाऱ्या नफ्याची आजची किंमत. यातही अंदाज आहेतच, फक्त ते कुठले धरलेत हे कंपन्या बऱ्यापैकी उघड लिहितात. याला ‘अंतर्निहित मूल्य’ वगैरे म्हणायच्या फंदात मी पडणार नाही, एम्बेडेड व्हॅल्यूच बरं.