वाचक विचारतात : करकरे साहेब आधी काय करायचे?

प्रश्न : पोलिस अधिकारी हेमंत करकरे म्हटलं की २००८ च्या मुंबईवरच्या अतिरेकी हल्ल्याच्या रात्री टीव्हीवर दिसलेलं ते हेल्मेट घालतानाचं दृश्यच आठवतं. माझी नववीतली मुलगी विचारते, त्याआधी ते काय करत होते? आणि एवढे मोठे साहेब असून स्वतः का गेले?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : ताई, लेकीने अगदी बरोबर विचारलंय, कारण आपण सगळेच त्या दोन मिनिटांच्या दृश्यावर थांबतो. करकरे मूळचे इंजिनिअर, नागपूरच्या व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजमधून १९७५ ला मेकॅनिकल केलं, मग हिंदुस्तान लिव्हरमध्ये चांगली नोकरी, ती सोडून १९८२ च्या बॅचचे आयपीएस झाले. चंद्रपूरला एसपी होते, नक्षल भाग, रोजचं टेन्शन, आणि तिथेच जंगलातली वाळकी लाकडं गोळा करून त्यातून शिल्पं करायचे, हे मुलीला नक्की सांगा, मला तर साहेबांचं हेच रूप सगळ्यात जवळचं वाटतं. नंतर रॉ या गुप्तचर संस्थेत गेले, ऑस्ट्रियात बरीच वर्षं होते. जानेवारी २००८ मध्ये एटीएसचे, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाचे, प्रमुख झाले आणि मालेगाव स्फोटाच्या तपासामुळे त्यांच्यावर किती टीका झाली ते तुम्हाला आठवत असेलच.

आता स्वतः का गेले. २६ नोव्हेंबरला रात्री फोन आला तेव्हा ते दादरला घरी जेवत होते, तसेच उठून सीएसटीला पोचले. तिथून कामा हॉस्पिटलकडे, आणि मग कळलं की आत पोलिस अधिकारी सदानंद दाते जखमी आहेत. आपला माणूस आत अडकलाय म्हटल्यावर कोण थांबेल हो? करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे अधिकारी आणि चार हवालदार, सगळे एकाच क्वालिसमध्ये बसले, गाडी साळसकर चालवत होते, आणि रंगभवनच्या गल्लीत अंधारातून एके ४७ चा मारा झाला. कामटेंची गोळी कसाब या अतिरेक्याच्या हाताला लागली. सातातले सहा गेले. मागे मृतदेहांखाली दबलेले हवालदार अरुण जाधव तेवढे वाचले, अतिरेकी तीच गाडी घेऊन पळाले तेव्हाही ते आतच होते, त्यांनी वायरलेसवरून कंट्रोलला कळवलं.

२००९ च्या २६ जानेवारीला करकरे, कामटे, साळसकर आणि चौपाटीवर कसाबला धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे, चौघांनाही अशोकचक्र मिळालं. त्यांच्या पत्नी कविताताई मात्र करकरे साहेबांच्या बुलेटप्रूफ जॅकेटचं काय झालं हे माहिती अधिकारात विचारत राहिल्या, कारण ते गहाळच झालं होतं. २०१४ मध्ये त्या गेल्या, तेव्हा मुलांनी त्यांचे अवयव दान केले.