फायर कंपनीत जायचं म्हणतेस ना, मग हे वाच

पोरी,

तुझा मेसेज वाचला. टाउनशिपच्या, म्हणजे तुझ्या गावच्या, फायर हाउसबाहेर ‘व्हॉलंटियर्स हवेत’ची पाटी बघितलीस, जाऊ का, मला झेपेल का, मुलींना घेतात का, असं सगळं एका दमात विचारलंस. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसलोय, लांबेल, सावकाश वाच. उत्तर आधीच देऊन टाकतो, जा. पण तिथे नक्की काय करायचं असतं ते ऐकून जा, कारण आग विझवायची म्हणून आलेली बरीच पोरं सहा महिन्यांत गायब होतात.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत अग्निशमन दल म्हणजे महापालिकेचं खातं, पगारी माणसं, बंब पण महापालिकेचा. त्यामुळे आपल्या कितीतरी लोकांना इथे अमेरिकेत वर्षानुवर्षं राहूनही पत्ता नसतो की आगीसाठी 911 लावल्यावर दारात येणारा माणूस बहुतेक वेळा पगारी नसतो, तो प्लंबर असतो, शाळेतला शिक्षक असतो, हार्डवेअरच्या दुकानातला कॅशियर असतो, आणि रात्री दोनला पांघरुणातून उठून आलेला असतो. अख्ख्या अमेरिकेत जेवढे फायरफायटर आहेत त्यातले साधारण 65 टक्के व्हॉलंटियर. आणि आपल्या पेनसिल्व्हेनियात तर ही परंपराच आहे, बेंजामिन फ्रँकलिनने 1736 च्या डिसेंबरात फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली, तेव्हा प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि सामान वाचवून बाहेर काढायला पिशव्या स्वतःच्या घरी तयार ठेवायच्या असा नियम होता. गावात कुणाचं गवत पेटलं की घराघरातून घागरी-बादल्या घेऊन माणसं धावतात तेच हे, फक्त इथे त्याला नियम, वर्गणी आणि मिटिंगा जोडल्या.

इथे फायर कंपनी म्हणजे धंदा नव्हे, गावातल्या व्हॉलंटियर लोकांनी चालवलेलं मंडळ. अजूनही बऱ्याच ठिकाणी बिल्डिंग आणि गाड्या कंपनीच्याच मालकीच्या असतात. सभासद मत देऊन पदाधिकारी निवडतात. एक बाजू प्रेसिडेंट, सेक्रेटरी, ट्रेझररची, म्हणजे हिशेब, इमारत, कर्जाचे हप्ते. दुसरी बाजू चीफ, कॅप्टन, लेफ्टनंटची, म्हणजे आगीवर कोण काय करणार. टाउनशिप थोडे पैसे देते, राज्याबाहेरच्या विमा कंपन्यांच्या आगविम्याच्या हप्त्यांवर 2 टक्के कर असतो तो रिलीफ असोसिएशनकडे, म्हणजे व्हॉलंटियर लोकांच्या मदतनिधीच्या संस्थेकडे येतो, त्यातून गिअर (आगीत घालायचा संरक्षक पोशाख) आणि ट्रेनिंग निघतं, आणि उरलेलं आपण उभं करायचं. एक नवी इंजिन गाडी, म्हणजे बंब, आज दहा लाख डॉलरच्या घरात जाते, त्यामुळे उरलेलं म्हणजे काही थोडं नसतं.

आता पाटी का लागलीये ते सांगतो. 1970 च्या दशकात या राज्यात सुमारे 3 लाख व्हॉलंटियर फायरफायटर होते, 2018 मध्ये राज्याच्या विधिमंडळासाठी जो रिपोर्ट झाला त्यात आकडा 38 हजारांच्या आसपास आला. लोक आळशी झाले असं जुनी मंडळी म्हणतात, मला ते पटत नाही. पूर्वी गावातली गिरणी, गावातलं दुकान, भोंगा वाजला की मालकच म्हणायचा जा. आता नोकरी तासभर लांब, नवरा-बायको दोघं कामावर, ट्रेनिंगचे तास कैक पटीने वाढलेत आणि वर पैसे जमवायचं कामही त्याच माणसांवर. सगळ्यात मोठं भगदाड दिवसा पडतं. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच गावात माणूसच नसतो, मग शेजारच्या दोन-तीन कंपन्यांना एकदम बोलवतात आणि तरी गाडी भरत नाही. तू घरून काम करतेस, स्टेशनपासून चार मिनिटांवर राहतेस. मॅनेजरशी आधीच बोलून ठेव, मिटिंग नसेल तेव्हा दुपारच्या कॉलला जाईन म्हणून. दुपारी दीड वाजता येणारं एक माणूस चीफला किती मोलाचं वाटतं हे तुला तिथे गेल्यावर कळेल.

बहुतेक कॉल आगीचे नसतात हे मनाशी पक्कं कर. ऑफिसचा ऑटोमॅटिक अलार्म वाजला, हायवेवर दोन गाड्या धडकल्या, वादळात तार पडली, कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर ओरडतोय, तळघरात पाणी शिरलं, आजोबा बाथरूममध्ये पडलेत आणि अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना उचलायला हात हवेत. त्याच बिल्डिंगचा तोच अलार्म महिन्यात चौथ्यांदा वाजला तरी पूर्ण गिअर घालून, पट्टा लावून, गांभीर्यानेच जायचं. मला माणूस पारखायचा झाला तर मी त्याला मोठ्या आगीवर बघत नाही, या चौथ्या अलार्मला बघतो.

ट्रेनिंगचं म्हणशील तर आपल्या राज्यात चार टप्पे आहेत, आधी ओळख, मग बाहेरून मदतीची कामं, मग बाहेरून आग विझवणं आणि शेवटी आत जाणं. शेकड्याने तास जातात, बहुतेक संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी, त्यामुळे एखादा सीझन तुझी ट्रेकिंगची मंडळी बोंबलतील, बोंबलू देत. आत जायच्या टप्प्यात धुराने भरलेल्या इमारतीत शोध घ्यायला शिकवतात. मास्कच्या काचेसमोर स्वतःचा हातमोजाही दिसत नाही. एक हात भिंतीला, तो सोडायचा नाही, दुसऱ्या हाताने किंवा पायाने जमीन चाचपत गुडघ्यांवर सरकायचं, पलंग लागला तर वर, खाली आणि मागे हात फिरवायचा कारण लहान मुलं घाबरून तिथेच लपतात, दार लागलं की मोठ्याने पार्टनरला सांगायचं. कानात फक्त स्वतःचा श्वास. अंगावर वीस किलोच्या वर ओझं. आणि तू अर्धा मिनिटभर हलली नाहीस तर पाठीवरचा अलार्म किंचाळायला लागतो, बाहेरच्यांना कळावं की हे माणूस पडलंय. पहिल्यांदा मास्क लावला की छातीत धडधडतं, सगळ्यांना धडधडतं, तेव्हा इन्स्ट्रक्टरला तसं सांगायचं आणि श्वास मोजत बसायचं. हवेची बाटली 45 मिनिटांची म्हणतात पण ओढाताण केल्यावर तेवढी पुरत नाही, एक तृतीयांश उरली की इशारा वाजतो, आणि तो वाजेपर्यंत आत थांबायचं नसतं, त्याच्या आधीच बाहेर निघायला लागायचं.

घाई का असते तेही समजून घे. यूएल नावाची जी सेफ्टी टेस्टिंगची संस्था आहे त्यांनी दोन दिवाणखाने पेटवून बघितले, एकात जुन्या पद्धतीचं लाकूड-कापसाचं फर्निचर, दुसऱ्यात आजचं फोम आणि प्लास्टिकचं. जुनी खोली भडकायला 29 मिनिटांच्या वर लागली, आजची चार मिनिटांच्या आत पूर्ण पेटली. चार मिनिटांत तू फार तर स्टेशनला पोचलेली असशील. म्हणून रात्री बेडरूमचं दार लावून झोपा हे आम्ही शाळाशाळांत जाऊन सांगतो, एका साध्या बंद दाराने धूर आणि आच कितीतरी वेळ बाहेर राहते.

मुलींना घेतात, आणि त्या उत्तम काम करतात, पण संख्या अजून फार कमी आहे त्यामुळे एका बाबतीत हट्ट धर, गिअर तुझ्या मापाचा हवा. कुणाचा तरी जुना सैल कोट देतील, ‘तात्पुरता’ म्हणून, ड्रिलपुरता चालेल, आगीत नाही, कारण मनगटात आणि गळ्यात फट राहिली की तिथेच भाजतं. केस घट्ट बांधून हूडच्या, म्हणजे डोकं-मान झाकणाऱ्या टोपीच्या आत, नथ-बांगड्या-चेन घरी. ताकदीचं टेन्शन घेऊ नकोस. शिडी आणि होज (पाण्याचा पाइप) उचलायची रीत असते, ती शिकलेली बारीक मुलगी न शिकलेल्या पैलवानाच्या पुढे असते.

धोका आहे का? आहे, तुझ्या आईला मी खोटं सांगणार नाही. पण तो कुठे आहे ते लोकांना माहीत नसतं. ड्युटीवर जीव गमावणाऱ्यांत ज्वाळांपेक्षा हृदयविकाराने जास्त माणसं जातात, म्हणून मेडिकल टाळायची नाही आणि चालणं-पळणं चालू ठेवायचं. दुसरा कॅन्सर, 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने या कामात होणाऱ्या संपर्काला थेट पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर करतात असं सिद्ध झालेल्या गोष्टींत टाकलं. काळंकुट्ट हेल्मेट आणि काजळी लागलेला कोट मिरवणारे जुने लोक भेटतील, त्यांचा मान ठेव पण ती सवय उचलू नकोस. आगीवरून आलं की जागेवरच पाण्याने गिअर धुवायचा, मान आणि हात पुसायचे, हूड बदलायचा, घाणेरडा गिअर स्वतःच्या गाडीत कधी टाकायचा नाही आणि घरी गेल्या गेल्या आंघोळ. तिसरा धोका रस्त्यावरचा. तुला गाडीवर निळा दिवा लावायची परवानगी मिळेल, तो फक्त लोकांना वाट देण्याची विनंती करतो, सिग्नल तोडायचा हक्क देत नाही. कॉलला जाताना स्वतःच्याच गाडीत अपघाताने जीव गमावलेली पोरं आहेत या देशात. पोचलीसच नाहीस तर तुझा कुणाला काय उपयोग?

आता मला सगळ्यात आवडतं ते. फायर हाउसला जोडून हॉल असतो, तिथे लग्नं होतात, बिंगो होतो, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाच्या, शुक्रवारी फिश फ्राय, उन्हाळ्यात चिकन बार्बेक्यू, डिसेंबरात सांताक्लॉजला गाडीवर बसवून गल्लीगल्लीतून फिरवतात आणि मुलं पायजम्यावर बाहेर पळत येतात. हे सगळं वरवरचं वाटेल पण खरी कंपनी इथे घडते. सकाळी पाचला कोळसा पेटवायला कोण आलं, शेवटची ट्रे घासायला कोण थांबलं, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. तू शाकाहारी आहेस, काही बिघडत नाही, तिकिटं फाड, भाजलेले बटाटे गुंडाळ, गाड्या लावायला उभी राहा. सत्तरी ओलांडलेले आजोबा भेटतील, आत जाणं कधीच बंद झालंय पण फायर पोलिस म्हणून अजूनही पावसात चौकात उभं राहून ट्रॅफिक वळवतात. त्यांच्यापाशी बस. गावात कुठल्या गल्लीत हायड्रंट (बंबाला पाणी देणारा रस्त्यावरचा नळ) नाही, कुणाच्या तळ्यातून पाणी ओढता येतं, कुठल्या पुलावरून टँकर जात नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं.

सुरुवातीचे महिने प्रोबेशनचे. फरशी पुसशील, भिजलेल्या होज वाळत घालशील, गाडीचं एकेक कपाट उघडून कुठे काय आहे ते पाठ करशील. ते मन लावून कर. अंधारात कुणी ‘हॅलिगन आण’ (दार उचकटायची पहार) म्हणालं आणि तुझा हात न बघता बरोबर त्या कपाटाकडे गेला की त्या दिवसापासून तुला कुणी नवी म्हणणार नाही.

आणि एक गोष्ट आपल्या माणसांबद्दल, जी माझ्या फार जवळची आहे. आमच्या भागात एकदा दुपारी स्वयंपाकघरातल्या आगीचा कॉल आला, तळणाचं तेल पेटलेलं. बाहेर गवतावर अनवाणी एक आजी, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, थरथर कापतायत आणि आमचा ऑफिसर पुन्हा पुन्हा विचारतोय घरात आणखी कुणी आहे का. त्या मराठीत बोलत होत्या आणि त्याला काही कळत नव्हतं. मी हेल्मेट वर करून म्हटलं आजी, आत कुणी आहे का हो, तेव्हा त्यांनी माझी बाही धरली आणि म्हणाल्या, नाही रे बाबा, नातू शाळेत गेलाय, मी एकटीच होते. घर तरीही सगळं तपासलं, ते तपासायचंच असतं. पण मूल आत असेल या धास्तीने जाणं आणि नाही हे कळून जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तू आलीस की असं बोलणारं तिथे आणखी एक माणूस होईल.

शिवाय आपल्या घरांत जाऊन सांगणारं कुणी हवं. फोडणी दिली की धुराचा डिटेक्टर वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवलेली किती घरं मी पाहिलीत. त्यांना सांग, डिटेक्टर शेगडीपासून निदान 10 फूट लांब लावा, पंखा लावून फोडणी द्या, पण बॅटरी काढू नका, आणि दहा वर्षं झाली की डिटेक्टरच बदला. तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद, वर झाकण आणि कढई हलवायची नाही. हे मराठी मंडळाच्या गणपतीत पाच मिनिटं माइक घेऊन तू सांगितलंस तर लोक ऐकतील, कारण तू त्यांच्यातलीच.

एखादा कॉल मनात राहील. लहान मूल असलं की राहतोच. तेव्हा लगेच घरी पळू नकोस, स्टेशनवर टेबलाशी बसतात तिथे बस, आणि आठवडाभराने झोप नीट नसेल तर चीफला सांग, त्यासाठी बोलणारी माणसं काउंटीकडे असतात.

आता काय करायचं ते. ड्रिलच्या (सरावाच्या) संध्याकाळी, म्हणजे बहुतेक कंपन्यांत आठवड्यातला एक ठरलेला वार असतो तेव्हा, सरळ दारात जा आणि अर्ज मागून घे. साधे कपडे, पुढून बंद बूट. बॅकग्राउंड चेक होईल, सभासदांच्या मिटिंगमध्ये तुझं नाव वाचून मत घेतील, त्याला महिना-दीड महिना लागतो, तोवर दर आठवड्याला ड्रिल बघायला जात राहा, मदत करू का विचार. ड्रायव्हिंग लायसन्स आणि डॉक्टरच्या तपासणीचे कागद जवळ ठेव. आणि पहिला अर्ज भरलास की मला फोटो पाठव, तुझ्या आईशी मी बोलतो.

तुझा,
काका